ऐरोली ते गुहागर, समुद्र धरून: एक मासेखाऊ, एक शाकाहारी, चार दिवस

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि नवरा, दोघंच. राहायला ऐरोलीत. जानेवारी संपता संपता गुरुवार ते रविवार असे चार दिवस दोघांनाही सुट्टी मिळतेय. २६ जानेवारीची झुंबड मुद्दाम टाळलीय. महामार्गाने जायचं नाही. अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळ असं किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरपर्यंत जायचं आणि खाडी आडवी आली की गाडी जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या होडीवर, चढवायची. गाडी साधी हॅचबॅक आहे, दोघंही चालवतो.

खरी अडचण जेवणाची. माझं माहेर घणसोली, आम्ही आगरी. ताटात मासळी नसली तर माझ्या लेखी ते जेवण नव्हे, नुसतं पोट भरणं. नवरा अकोल्याचा, पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. घरात आमचा तह झालेला आहे: दोन तवे, दोन कढया, फ्रिजचा खालचा कप्पा माझा. पण बाहेर पडलो की एकाचं जेवण होतं आणि दुसरा तोंड पाडून बसतो. मागे अलिबागला मी जिताड्याचं कालवण ओरपत होते आणि हा समोर पनीर बटर मसाला चिवडत बसला होता. कोकणात येऊन पनीर! मला त्याच्यापेक्षा पनीरचीच जास्त दया आली.

तर या रस्त्यावर दोघांनाही मनासारखं जेवता येईल असं कुठे कुठे थांबावं? नुसती हॉटेलांची नावं नकोत. कसं जमवायचं ते सांगा.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो.

नौपाड्याचा_नाना
ताई, आधी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चार दिवसांत किनाऱ्याने गुहागर आणि परत, हा हट्ट आहे. नकाशात अंतर दिसतं तेवढंच असतं, पण दिवेआगरच्या पुढे ताशी ३० पडले तरी नशीब समजा. घाट्या, वाड्यांमधून जाणारे रस्ते, समोरून एसटी आली की तुम्हीच मागे घ्यायचं. तीन जेट्ट्या, प्रत्येकीची वाट बघणं. माझं ऐका, पळस्प्याहून महामार्ग पकडा, थेट चिपळूण, तिथून गुहागर, आणि तीन दिवस एका जागी पाय पसरून बसा. समुद्र काय, सगळीकडे सारखाच.

डिझेलभाऊ
नानांशी पूर्ण असहमत. ज्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि माणगावात शनिवारी अजूनही गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, तो पकडा म्हणणं म्हणजे सासुरवाडीचा रस्ता टोलनाक्यावरून काढण्यासारखं आहे.

आता नकाशा असा वाचा. कोकणात अंतर किलोमीटरवर मोजायचं नाही, नद्यांवर मोजायचं. तुमच्या वाटेत पहिली कुंडलिका, रेवदंड्याला. तिच्यावर साळावचा पूल आहे, प्रश्न नाही. दुसरी राजपुरीची खाडी, तिथे आगरदांड्याहून दिघीला जेट्टी. तिसरी सावित्री, बागमांडल्याहून वेसवीला जेट्टी. मग आंजर्ल्याला जोग नदी, पूल आहे. शेवटी वाशिष्ठी, दाभोळहून धोपाव्याला जेट्टी. म्हणजे पाच खाड्या, दोन पूल, तीन होड्या. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं जातात. न जाता वळसा घातलात तर राजपुरीला म्हसळ्यावरून, सावित्रीला आंबेतवरून आणि वाशिष्ठीला पार चिपळूणवरून फिरावं लागतं. वेळ वाचतो तो इथे.

रेवस ते रेड्डी असा सलग सागरी महामार्ग अंतुलेसाहेबांच्या डोक्यातला. ते ८२ साली मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीवरून उतरले. रेवस-करंजा पुलाचं काम अजून चालू आहे. तो झाला की तुम्ही ऐरोलीहून पामबीच, उरण करत थेट रेवसला उतराल, वडखळ नाका बघायलाही लागणार नाही. तोवर पेण-वडखळ-पोयनाड.

बांगडा_फ्राय
हर्णै बंदराचा लिलाव चुकवू नका. सकाळी असतो, आणि दुपारी चारनंतर मोठा. बोटी किनाऱ्याला पूर्ण लागत नाहीत, माल छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून येतो. वाळूवरच वाटे लावतात. सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकुळ. मासा घेताना कल्ले लाल आहेत का बघा, डोळे चमकदार हवेत, बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये, आणि

खाडीकाठची
दादा, थांबा. घणसोलीच्या मुलीला मासा ओळखायला शिकवताय? :) माझ्या आजीने टोपली डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात बसून मासळी विकलीय. मला फक्त एवढं सांगा, तो विकत घेतलेला मासा शिजवायचा कुठे?

बांगडा_फ्राय
हा हा हा, चूक झाली, मावशीबाईंना दंडवत. शिजवायचं म्हणाल तर हर्णै, मुरुड, कर्दे पट्ट्यात घरगुती खानावळी आहेत, मासा तुम्ही नेऊन दिलात तर करून देतात, शिजवणावळ वेगळी. बंदरावरच साफ करून देणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पर्यटक दिसला की भाव चढतो हे मात्र नक्की. पण तुमच्यापुढे कोण चढवणार म्हणा.

मुक्काम_पोस्ट_खारघर
दापोलीजवळच्या मुरुडबद्दल बोलताय ना? धागाकर्तीच्या यादीतलं मुरुड जंजिऱ्याचं आहे. नवीन माणूस गोंधळेल. एकदा आमच्या गाडीतले दोघं एका मुरुडात आणि बुकिंग दुसऱ्या मुरुडात होतं, मध्ये तीन खाड्या.

सुपारीची_बाग
माझं घर श्रीवर्धनला, नोकरीने सानपाड्यात. शाकाहारी नवऱ्याची बाजू मी घेते.

मूळ गैरसमज असा की किनाऱ्यावर शाकाहारी माणसाची उपासमार होते. उलट दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर ही नारळी-पोफळीच्या बागांची गावं, इथल्या ब्राह्मणी घरांतलं जेवण म्हणजे शाकाहाराची पंढरी. अट एकच. हॉटेलात बसून मेनूकार्ड मागायचं नाही. आदल्या रात्री, निदान सकाळी नऊच्या आत फोन करून ताटं सांगायची. कारण वालांना काही ऑर्डर दिल्यावर मोड येत नाहीत. आमच्याकडे पाहुणे येणार असले की आई आदल्या दिवशी सकाळी वाल भिजत घालते, रात्री फडक्यात बांधून ठेवते, दुसऱ्या दिवशी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत धरून सोलते. साल सुटली की दाणा टुण्णकन उडतो. तासभर तरी जातो. मग त्यात ओलं खोबरं, गूळ, आमसूल. हे तुम्ही दुपारी दीड वाजता दारात उभं राहून 'दोन थाळी मिळेल का' म्हटलंत तर कोण कसं देणार? तेव्हा मिळतं ते पनीरच.

जानेवारीअखेर काय असतं: वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, अळूचं फदफदं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ताजी सोलकढी. ओल्या काजूची उसळ मिळाली तर भाग्य, तिचा खरा मोसम फेब्रुवारी-मार्च. आंब्याचं नाव काढू नका. उकडीचे मोदक नगावर सांगावे लागतात, तेही आधी. नवऱ्याला विचारून आकडा सांगा, कारण पाचवा मोदक कोणी नको म्हणत नाही आणि तोवर संपलेले असतात.

नौपाड्याचा_नाना
वाचून तोंडाला पाणी सुटलं, ते वेगळं. पण माझा मुद्दा तोच आहे. सकाळी नऊच्या आत फोन करायचा तर दुपारी आपण नक्की कुठे असू हे ठाऊक हवं. तीन जेट्ट्यांच्या भरवशावर ते कसं सांगणार?

वऱ्हाडी_ठेचा
नमस्कार. मीच तो पनीरवाला. बायकोने लिंक पाठवली नाही, मला ऑफिसातल्या एकाने पाठवली.

दोन खुलासे करतो. एक, मी तोंड पाडून बसत नाही, माझं तोंड तसंच आहे. दोन, माझी तक्रार भाजी कुठली मिळते ही कधीच नव्हती. पिठलं-भाकर आणि कांदा दिला तरी मी खूश. माझी तक्रार तव्याची आहे. ज्या तव्यावर आत्ता सुरमई तळली त्याच्यावरच माझं घावन येतं. तेलाचा वास सांगतो ना राजा! विचारलं तर 'वेगळं आहे साहेब' म्हणतात आणि आतून चर्रर आवाज एकाच तव्याचा येतो. म्हणून मी तंदुरी रोटी मागवतो. तंदुरीत मासा चिकटत नाही.

रुमालवाला
आता खरी मजा. चहा ठेवतो.

खाडीकाठची
कोण तो ऑफिसातला? नाव सांग, त्याला मी बोंबलाचं कालवण पाठवते.

सीवूड्सची_काकू
जावईबापूंचं म्हणणं रास्त आहे. आम्हीही मिश्र कुटुंब आहोत, पण आमच्याकडे उलटं: मी शाकाहारी आणि हे मासे खाणारे. कोकणात फिरताना आम्ही एक नियम केला. दोघांनी एकाच वेळी एकाच टेबलावर जेवायचा हट्ट सोडला. दुपारचं जेवण माझं, शुद्ध शाकाहारी घरात, आणि हेही तेच खातात. रात्रीचं ह्यांचं, मासेवाल्या घरात, आणि मी तिथे भात, सोलकढी आणि माझ्या डब्यातलं मेतकूट-लोणचं. भात तव्यावर होत नाही, सोलकढी तळत नाहीत. मेतकुटाची पुडी, तुपाची लहान बाटली आणि पोह्याचे मिरगुंड मी पेणहूनच घेते. भाजकं मिरगुंड कुठल्याही चुलीवर मिळतं.

डिझेलभाऊ
काकू, साष्टांग नमस्कार. दुपार एकाची, रात्र एकाची. हे संसारालाही लागू आहे.

तिसरी_मुंबई
पण मासे दुपारीच खावेत ना? रात्री खाल्ले तर जड पडतात, शिवाय दुपारी ताजे.

बांगडा_फ्राय
हर्णैला उलट. दुपारी चारला लिलाव, रात्री ताटात. याहून ताजं म्हणजे तुम्हाला बोटीतच बसावं लागेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बर्फातलं खावं लागतं, जानेवारीत ती काळजी नाही.

कुलाबा_जिल्हा
जानेवारी म्हटलात आणि पोपटीचं नाव कोणीच कसं काढलं नाही? आमच्या पेण-अलिबागकडे थंडीत पोपटी नाही तर हिवाळाच नाही. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, कांदे, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून गच्च. पाणी एक थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चुर्र झालं की झाली. हल्ली नागाव, रेवदंडा, किहीम सगळीकडे शेतावर आधी सांगून करून देतात.

वऱ्हाडी_ठेचा
कोंबडीशिवाय होते का?

कुलाबा_जिल्हा
होते की. छोटं मडकं वेगळं लावायचं, नुसत्या शेंगा, रताळी, कोनफळ, बटाटे. आणि तव्याचा प्रश्नच नाही, मडकं नवं कोरं असतं. खरं सांगू का, पोपटीत कोंबडी नावाला. शेंग सोलून भांबुर्डीच्या वासाचा दाणा तोंडात टाकला की कोंबडी कोणाला आठवतेय.

खाडीकाठची
माझ्या माहेरीही लावतात, कोपरीच्या मामाकडे तर दरवर्षी. पण ह्याला कधी खाऊ घातली नव्हती कारण आमच्याकडे मडकं एकच असतं आणि माणसं तीस. वेगळं मडकं हे सुचलंच नाही कोणाला.

पण पोपटी रात्रीची. गुरुवारी रात्री दिवेआगरला पोचायचं म्हणजे अलिबागला थांबणं होत नाही. दुपारी लावतात का?

कुलाबा_जिल्हा
सांगून ठेवलं तर लावतील, पण दुपारी त्यात मजा नाही. ऊन, घाम आणि धूर. थंडीत शेकोटीला बसून हात भाजत खायची गोष्ट आहे ती. त्यापेक्षा फेब्रुवारीतला एखादा शनिवार काढा, ऐरोलीहून नागाव काय लांब आहे.

भाऊचा_धक्का
कारने अलिबागला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो का नाही घेत? २०२० पासून चालू आहे. एसीत बसून समुद्र बघत जाता येतं.

मुक्काम_पोस्ट_खारघर
ऐरोलीहून आधी भाऊच्या धक्क्याला जायचं, मग तिथून परत याच बाजूला यायचं? घराच्या मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत येण्यातला प्रकार. मुंबईकरांना ठीक आहे.

लिंबूटिंबू
एक प्रश्न विचारू का, थोडा अवांतर आहे. काशीदला, हरिहरेश्वरला गाडी थेट वाळूवर घेऊन जाता येते ना? फोटो छान येतात.

डिझेलभाऊ
नाही. नाही. आणि नाही. ओली वाळू कडक वाटते, दहा पावलं पुढे भुसभुशीत. चाक फिरवलं की खाली जातं. मग भरती येते. जेसीबी बोलवायला लागतो, तो पैसे मोजून घेतो, आणि इंजिनात गेलेलं खारं पाणी पुढे वर्षभर हिशेब मागतं. शिवाय समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, पोलीस दंड करतात तो वेगळा. केळशी-वेळास पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालतात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. फोटो हवा तर गाडी रस्त्यावर उभी करून स्वतः चालत जा.

लिंबूटिंबू
बरं बरं, चिडू नका.

सुपारीची_बाग
भाऊ चिडले ते बरोबरच आहे. आमच्या श्रीवर्धनला दर मोठ्या सुट्टीला हा तमाशा होतो आणि गावातली पोरं दोर घेऊन धावतात.

हरिहरेश्वरला जाणार आहात तर आणखी एक. देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट कड्याच्या खाली समुद्राला लागून जाते. खडक असे कोरलेले आहेत की मधमाशांचं पोळं वाटावं. पण ती वाट फक्त ओहोटीला. भरतीच्या वेळी तिथे लाट वर येते आणि माणसं गेलेली आहेत. तिथे लावलेला फलक वाचा आणि स्थानिक माणूस नको म्हणाला की नको. भरतीची वेळ आधी बघून जा.

खाडीकाठची
ह्यात मात्र मला ॲप लागत नाही. आमचे आजोबा तिथीवरून सांगायचे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पुनव-अवसेला बाराच्या सुमारास. शुक्रवारी द्वादशी येते, म्हणजे भरती सकाळी नऊला, आणि सहा तासांनी, तीनच्या आसपास ओहोटी. शुक्रवारी दुपारी तीनला हरिहरेश्वर. थोडं मागेपुढे धरायचं.

मुक्काम_पोस्ट_खारघर
वा! हे गणित लिहून ठेवलं. धागा वसूल.

सीवूड्सची_काकू
शुक्रवारी द्वादशी म्हणजे गुरुवारी एकादशी की ग पोरी! त्यातून गुरुवार. तू मासे खाणार आहेस का त्या दिवशी?

खाडीकाठची
अय्या! गुरुवार मी पाळत नाही, पण एकादशीला नाही खात. खाल्लं तर आई फोनवरून ओळखते.

बांगडा_फ्राय
आणि ठेचाभाऊंचा उपास? मग दिवेआगरच्या त्या मोदकांवर बसणार कोण?

वऱ्हाडी_ठेचा
उपास माझी आई करते. मी एकादशीला अकोल्यात असलो तर दुप्पट खाशी म्हणतात तसा सकाळी साबुदाण्याची उसळ आणि संध्याकाळी वरणभात खाणारा माणूस आहे. मोदक माझ्यावर सोडा. आठ सांगा.

सुपारीची_बाग
मग झालंच की सगळं. पहिला दिवस आख्खा शाकाहारी, भांडणच नाही. दिवेआगरला रात्रीचं जेवण सांगून ठेवा, गुरुवारी सकाळी निघताना फोन करून पक्कं करा. वाल रात्रीला मिळतील. सुवर्णगणेशाचं देऊळ जेवणाआधी, संध्याकाळी. १९९७ साली बागेत सापडलेली सोन्याची मूर्ती २०१२ ला दरोड्यात गेली होती, आता पुन्हा घडवून बसवलीय. आणि गावातच रूपनारायणाची विष्णुमूर्ती आहे, ती लोक घाईत बघतच नाहीत. शांतपणे बघा, भोवतीचे दशावतार आणि दागिन्यांची कोरणी बघत बसावी अशी आहे.

शुक्रवारी दिवेआगरहून श्रीवर्धनला म्हसळ्यावरून नको, शेखाडी, कोंडविल, आरावीवरून जा. समुद्र अगदी उजव्या हाताला. गाडी चालवणाऱ्यावर अन्याय होतो, म्हणून अर्ध्यात चालक बदला.

नौपाड्याचा_नाना
एवढं सगळं ठरलंच आहे तर म्हातारा आता परतीचं बोलतो. गुहागरहून रविवारी सकाळी सातला निघा. चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, तिथून महामार्ग. कशेडीचा घाट आता बोगद्यातून टळतो, ती सोय मोठी. पण माणगाव-इंदापूर दुपारी एकच्या आत पार करा. रविवारी चारनंतर अख्खी मुंबई तिथे परत येत असते. गुहागरला रविवारी दुपारी जेवून निघू असा विचार मनात आणू नका. किनाऱ्याने जाताय तर जा, परत येताना तरी माझं ऐका.

आणि काशीद-मुरुड रस्त्यावर ठिकठिकाणी थांबत बसलात तर आगरदांडा चुकेल. जंजिरा बघायचाय का? राजपुरीहून शिडाच्या होड्या, रांग, आत तास-दीड तास. अर्धा दिवस गेला.

खाडीकाठची
जंजिरा लहानपणी शाळेतून बघितलाय, ह्याने नाही बघितला. पण तो म्हणतो लांबून चालेल. कोर्लईला मात्र थांबायचं आहे. कोर्लई गावात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात असं ऐकलंय.

डिझेलभाऊ
बोलतात. गाव किल्ल्याच्या पायथ्याशी. किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूने चढा, पायऱ्या आहेत, वरून कुंडलिकेचं मुख आणि पलीकडे रेवदंडा दिसतो. गुरुवारी सकाळी सहाला ऐरोली सोडलीत, पेणला नाश्ता केलात, तर नऊ-साडेनऊला कोर्लई, अकराला काशीद, एकला मुरुड.

जेट्टीबद्दल राहिलं. गाडी बऱ्याचदा उलटी चढवायला सांगतात. तिथल्या पोराकडे बघा, आरशाकडे नको. आत गेल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद, उतरून कठड्याशी उभं राहा. ओहोटीला उताराची फळी तिरकी होते, ठेंगण्या गाड्यांचा तळ घासतो. तुमच्या हॅचबॅकमध्ये मागे सामान कमी ठेवा. शेवटची फेरी किती वाजता हे त्याच दिवशी फोनवर विचारा, इथे कोणी लिहिलं असेल त्यावर विसंबू नका. माझ्यावरसुद्धा.

तिसरी_मुंबई
सीएनजी गाडी असेल तर?

डिझेलभाऊ
पेट्रोलची टाकी भरून ठेवा आणि सीएनजीचं नाव विसरा. पंप लागेल तिथे भरायचं, पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही.

खाडीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोघं बसून हे ठरवलं.

गुरुवार दिवसभर शाकाहारी. पेणला नाश्ता, तिथेच मेतकूट आणि मिरगुंड (काकूंचा सल्ला), कोर्लई, दुपारी मुरुडला काहीतरी हलकं, जेट्टी, दिवेआगरला मुक्काम. फोन करून झाला. वाल आहेत, मोदक अकरा सांगितले. आठ त्याचे, तीन माझे.

शुक्रवारी दुपारी श्रीवर्धनला लवकर जेवण, पुन्हा घरगुती शाकाहारी. तीनला हरिहरेश्वर. नंतर बागमांडल्याची जेट्टी, केळशी, आडे, पाडले करत आंजर्ल्याला मुक्काम. घरमालकीणबाईंना फोनवर तव्याचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'आमच्याकडे दोन चुली आहेत, माझ्या सासूबाई माळकरी.' ह्याचा चेहरा बघायला हवा होता.

शनिवारी सकाळी हर्णैचा लिलाव. मासे बर्फाच्या डब्यात गाडीत घालायला नवऱ्याची परवानगी मिळालेली नाही, त्यामुळे हर्णैलाच करून घेणार, मी एकटी अकरा वाजता जेवणार. तो तोवर कड्यावरच्या गणपतीला जाऊन येईल. मग दापोलीहून दाभोळ, जेट्टी, गुहागर. रविवारी सातला निघणार, नानांच्या आज्ञेने.

वऱ्हाडी_ठेचा
तो बर्फाचा डबा घरातून निघताना डिकीत दिसला तर मी उतरून एसटीने जाईन. हे इथे नोंदवून ठेवतो.

बांगडा_फ्राय
ताई, डबा नको, सुका बांगडा घ्या.

सीवूड्सची_काकू
अगं सुका तर आणखी वाईट, चार दिवस गाडी वास सोडणार नाही. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर काही घेऊ नकोस, मंगळवारी दिवाळे गावच्या बाजारात जा. घराजवळ आहे आणि जावईबापू ऑफिसात असतील.

सुपारीची_बाग
श्रीवर्धनला शुक्रवारी जेवायला कुठे सांगितलंय? नसेल ठरलं तर मला निरोपातून कळवा. आई घरीच असते, पण दोन दिवस आधी हवं. आणि हो, तव्याची काळजी नको, आमच्याकडे अजून कांदासुद्धा वेगळ्या विळीवर चिरतात.